उंच बॉनेटची जीप, पाखाडीच्या पायऱ्या आणि खारा वारा : माझ्या आरसी क्रॉलरचे बदल

कातळवाट (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गेले तीन पावसाळे माझ्याकडे आरसी क्रॉलर आहे. ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिमोटवर चालणारी, खऱ्या जीपसारखी दिसणारी आणि खऱ्या जीपसारखीच सावकाश दगडावर चढणारी गाडी. वेगाशी तिचा संबंध नाही. ती माणसाच्या चालीने जाते आणि पुढचं चाक नेमकं कुठे टेकवायचं हे ठरवण्यातच तिचा सगळा आनंद आहे.

माझी गाडी अ‍ॅक्सियल एससीएक्स१०-२, म्हणजे २०१६ साली आलेली पिढी. व्हीलबेस ३१३ मिमी, दोन्हीकडे सरळ अ‍ॅक्सल, चाकं ४.७ इंची म्हणजे ११९ मिमी, मोटर ३५ टर्नची ब्रश्ड (टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे, जितके जास्त तितकी मोटर सावकाश), बॅटरी टू-एस लायपो, म्हणजे दोन सेलची लिथियम-पॉलिमर.

गाव रत्नागिरी तालुक्यात. वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, खाली खाडी आणि मधे जांभ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. आमच्या घरापासून सड्यापर्यंत ९४ पायऱ्या आहेत, मी मोजल्यात. पिढ्यान्‌पिढ्या पाय पडून बऱ्याच पायऱ्यांच्या कडा गोल झाल्यात, काहींची उंची जेमतेम तीन-चार इंच उरली आहे. ही पाखाडी हात न लावता खालपासून वरपर्यंत गाडीने चढायची, हे मी पहिल्या दिवसापासून मनात धरलंय. आजवरची मजल ३७ पायऱ्या.

आता गाडी उघडून बसलोय. मनात तीन गोष्टी आहेत.

एक, गंज. सगळे स्क्रू तांबडे झालेत, दोन बेअरिंग जाम आहेत. मी गाडी कधी समुद्रात घातलेली नाही, तरी ही अवस्था.

दोन, या वर्षी नवा २५ किलो जोराचा सर्वो, म्हणजे स्टेअरिंग फिरवणारी छोटी मोटर, बसवला. पुढची चाकं पायरीला अडकलेली असताना स्टेअरिंग फिरवलं की अख्खी गाडी क्षणभर मरते. थ्रॉटल जातो, मग सेकंदभराने परत येतो. चढावर तेवढ्यात ती मागे घरंगळते.

तीन, आणि ही मनातली गोष्ट. माझे वडील वीस वर्षं महिंद्राची जुनी जीप चालवायचे, उंच बॉनेटची. सकाळी वडापची दोन खेपा माणसं, दुपारी आंब्याच्या पेट्या. ती जीप आता नाही. या चासीवर मला ती उभी करायची आहे.

पैसे एकदम घालता येणार नाहीत. आधी काय करू, नंतर काय, हे अनुभवी मंडळींनी सांगावं.

---

रेवस | शनिवार, रात्री १०:२५

क्रम माझ्या मते असा : टायर आणि आतला फोम, मग वजन कुठे बसलंय ते, मग सर्वो, आणि मोटर सगळ्यात शेवटी. नवीन माणूस नेहमी उलट्या टोकाने सुरुवात करतो. क्रॉलर अडतो तो ताकद कमी पडल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा टायर घसरतो किंवा नाक उचललं जाऊन गाडी मागे पलटते.

माझी ट्रॅक्सस टीआरएक्स-४ आहे. २०१७ साली ती आली तेव्हा दोन गोष्टींचं फार कौतुक झालं : पोर्टल अ‍ॅक्सल, आणि रिमोटवरून लॉक-अनलॉक होणारे डिफ (डिफरन्शियल, दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा). पोर्टल म्हणजे प्रत्येक चाकापाशी गिअरची एक जादा जोडी. त्यामुळे अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर बसतो आणि डिफचा गोळा दगडाला कमी आपटतो. खऱ्या गाड्यांत उनिमॉगला हेच असतं. तुमचा अ‍ॅक्सल सरळ आहे, म्हणजे डिफ उचलायला तुमच्याकडे मोठ्या टायरशिवाय उपाय नाही. जुन्या जीपला शोभावी म्हणून बारीक चाकं लावाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

आत्ता गाडीचं पुढचं-मागचं वजन किती भरतं? मोजून सांगा.

---

फणसगरा | रविवार, सकाळी ७:१०

मालवणातसून रामराम. गाडी समुद्राच्या पाण्यात घालूचीच नाय, ह्यो पयलो नियम. तुमी तो पाळलास, तरी गंज इलोच, कारण मीठ वाऱ्यातसून येता.

बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो. मी प्रत्येक फेरीनंतर गाडी गोड्या पाण्याने धुतो. बादली आणि जुना दाढीचा ब्रश, बस्स. नळीने जोरात पाणी मारलं की मीठ आणि माती बेअरिंगच्या आत ढकलली जाते. धुतल्यावर पंख्याखाली तासभर, मग डब्ल्यूडी-४०. तो पाणी हाकलायला आहे, वंगण म्हणून नाही. म्हणून त्यानंतर बेअरिंगला आणि मोटरच्या दोन्ही बुशना तेलाचा एकेक थेंब.

आणि खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याने धुवू नका. मी वर्षभर तेच करत होतो, गाडी धुवून धुवून गंजवली. आता पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात धरतो आणि उन्हाळ्यात पिण्याचं वापरतो. एका गाडीला दोन लिटर पुरतं.

---

डोलकाठी | रविवार, दुपारी २:०५

मी मिरकरवाड्याला बोटींच्या इंजिनांचं काम करतो. पोरगा आरसीवाला आहे, त्याच्या गाड्या माझ्याच टेबलावर उघडतात. त्यामुळे गंजाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

गाडीसोबत येणारे काळे स्क्रू कडक पोलादाचे असतात. ताकद उत्तम, पण खाऱ्या हवेत दोन महिने टिकतात. लोक लगेच स्टेनलेस घेतात. घ्या, पण ३१६ घ्या. बाजारात सर्रास मिळतो तो ३०४. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त दाद देत नाही. आमच्याकडे डेकवर दोन्ही शेजारी शेजारी लावून बघितलेत, फरक डोळ्यांना दिसतो. एक ध्यानात ठेवा, स्टेनलेस काळ्या स्क्रूपेक्षा मऊ असतो. ॲलन की झिजलेली असेल तर डोकं लगेच गोल होतं. चांगली की घ्या आणि स्क्रू कचकचून आवळू नका.

आता खरा घात. तुम्ही ॲल्युमिनियमचे नकल (पुढचं चाक वळवणारे सांधे) किंवा लिंक (चासीला चाकांशी जोडणाऱ्या दांड्या) लावल्या आणि त्यात स्टेनलेसचे स्क्रू घातले, तर दोन वेगळे धातू आणि मधे खारी ओल, म्हणजे बारीकशी बॅटरीच तयार होते. त्यात झिजतो तो ॲल्युमिनियम. पांढरी भुकटी दिसायला लागते, आटे खाल्ले जातात आणि स्क्रू असा धरतो की डोकं तुटेल पण फिरणार नाही. ट्रॉलरच्या बुडाला आम्ही जस्ताच्या वड्या लावतो त्या यासाठीच : जस्त आधी झिजतं, बाकीचं वाचतं. गाडीला वड्या लावायची गरज नाही, प्रत्येक आट्याला मरीन ग्रीसचं बोट लावून मगच स्क्रू घाला. जिथे थ्रेडलॉक लागतो तिथे निळा लावा, तोही फट भरतो. तो फक्त धातूत-धातू. प्लॅस्टिकला लावलात तर प्लॅस्टिक तडकतं.

बेअरिंगचं म्हणाल तर तुमच्या गाडीत बहुतेक ५x११x४ मापाची असतील आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या चकत्या असतील. त्या धूळ अडवतात, पाणी अडवत नाहीत. रबरी सीलची, टूआरएस म्हणून मागा. थोडी जड फिरतात. रेसच्या गाडीला ते चालणार नाही, तुमच्या चालीला काहीही फरक पडत नाही.

---

कातळवाट | रविवार, रात्री ११:१५

डोलकाठी, तुमचा प्रतिसाद छापून टेबलासमोर लावला आहे.

वजन केलं. आंब्याच्या पेट्यांचा काटा घेतला, पुढची दोन चाकं त्यावर ठेवली आणि मागची चाकं तेवढ्याच उंचीच्या फळीवर. गाडी सपाट राहिली नाही तर आकडा चुकतो, हे करताना कळलं. बॅटरीसकट एकूण २.८ किलो, त्यातलं पुढे १.३५. म्हणजे पुढे निम्म्याहून कमी! पाखाडीवर ती मागे का पलटते याचं उत्तर मिळालं.

सर्वोचं अजून कळत नाही. रिमोट बदलून पाहिला, रिसीव्हर परत बांधून पाहिला. तेच.

---

रेवस | सोमवार, सकाळी ८:००

पुढे ५५ ते ६० टक्के आलं पाहिजे, आणि वजन जितकं खाली तितकं चांगलं. चासीवर शिशाच्या पट्ट्या चिकटवू नका, त्याने गाडी वरून जड होते आणि आडव्या उतारावर लवंडते. पितळेचे नकल आणि पितळेचं डिफ कव्हर, फक्त पुढच्या अ‍ॅक्सलला. पितळ ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड असतं. हे वजन स्प्रिंगच्या खाली बसतं, शॉक दबत नाहीत. बॅटरी मागच्या ट्रेवर असेल तर ती पुढे आणा, त्याला काही खर्च नाही.

---

तांबडीमाती | सोमवार, दुपारी १:३०

मूळ गाव राजापूरकडे, नोकरी मुंबईत, गणपती आणि मे महिना गावाला. इलेक्ट्रॉनिक्स हा पोटापाण्याचा विषय, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर बोलतो.

तुमची गाडी मरत नाहीये, उपाशी राहतेय. मोटरचा वेग सांभाळणारी पेटी म्हणजे इएससी. रिसीव्हर आणि सर्वो या दोघांना वीज देतो तो तिच्यातला बीईसी, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणारा भाग. तो साधारण तीन अँपियरचा धरा. २५ किलोचा सर्वो मोकळा फिरताना अर्धा अँपियरही घेत नाही, पण चाक पायरीला अडकून तो जागीच जोर लावत राहिला की तीन-चार अँपियर सहज ओढतो. व्होल्टेज कोसळतं, रिसीव्हर बंद पडतो, सिग्नल गेला म्हणून इएससी थ्रॉटल सोडतो. सर्वोचा जोर संपला की व्होल्टेज वर येतं आणि सगळं पुन्हा सुरू. तुम्ही लिहिलेलं लक्षण तंतोतंत हेच आहे.

रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलवर मल्टिमीटर लावा, पुढची चाकं भिंतीला टेकवा, स्टेअरिंग पूर्ण फिरवा आणि आकडा बघा. मीटर सावकाश असतो, खरा खड्डा त्याहून खोल असतो हेही धरा.

उपाय : १० अँपियरचा वेगळा बीईसी, ६ व्होल्टवर लावलेला, थेट बॅटरीवरून. आणि इएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या तीन तारांपैकी मधली लाल तार प्लगमधून काढून टेप लावून ठेवा, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भांडतील.

जीपच्या मापाबद्दल रात्री लिहितो, त्यावर मला बरंच सांगायचंय.

---

तांबडीमाती | सोमवार, रात्री ११:५०

जीप. उंच बॉनेटची म्हणजे सीजे-३बी. १९५३ साली विलीजने काढली. तिच्यातलं एफ-हेड इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, ते मावावं म्हणून बॉनेट उचललं आणि तिचा तो चेहरा तयार झाला. अमेरिकेत ती १९६८ मध्ये थांबली, आपल्याकडे महिंद्राने पुढे कित्येक वर्षं चालवली. कोकणातल्या पाणंदींना आणि घाट्यांना मोटार म्हणजे काय हे या जीपनेच दाखवलं, असं मी मनापासून मानतो.

तिचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी. अगदी १/१०, म्हणजे खऱ्याच्या दहाव्या भागाएवढी करायची तर २०३ मिमी व्हीलबेस येतो. तुमच्या ३१३ च्या चासीत ते बसणार नाही, आणि बसवलंत तर एवढी आखूड गाडी पहिल्याच पायरीवर कोलांटी खाईल. उलट ३१३ तसाच ठेवलात तर माप १/६.५ येतं आणि बॉडी घरातल्या पाटाएवढी होते.

मी १/७ सुचवतो. २०३२ भागिले ७ म्हणजे २९०. चासी फक्त २३ मिमी आखूड करायचा, मागच्या लिंक बदलून हे होतं. त्या जीपचा ६.००-१६ टायर सुमारे २८ इंच व्यासाचा, १/७ मध्ये तो १०२ मिमी होतो. बाजारात चार इंची अरुंद टायर मिळतात. ११९ वरून १०२ वर आलात की डिफ ८.५ मिमी खाली येईल, हा तोटा. पण टायर लहान झाल्याने गिअरिंग आपोआप १४ टक्क्यांनी खाली येतं, म्हणजे आहे त्याच ३५ टर्नच्या मोटरवर गाडी आणखी सावकाश आणि ताकदीने चालेल. ५५ टर्नची मोटर घ्यायचा विचार असेल तर ते पैसे वाचवा.

---

रेवस | मंगळवार, सकाळी ७:४५

हिशोब पटला, पण मी तरी ११९ ची चाकं विकणार नाही. पाखाडीसाठी ती, जीप म्हणून मिरवायला १०२ ची. चार नट काढले की काम झालं. चार इंचाच्या उभ्या पायरीवर चार इंचाचं चाक चढवणं म्हणजे जवळजवळ भिंत चढणं आहे.

---

कातळवाट | गुरुवार, रात्री १०:३०

वेगळा बीईसी आला, बसवला. सुधारणा झाली पण पूर्ण नाही. आधी दर पायरीला मरायची, आता पाचात एकदा. मीटर लावला : मोकळ्या चाकाला ६.०, चाक अडकवून पूर्ण फिरवलं की ४.६. दहा अँपियरचा बीईसी आहे, मग ४.६ का?

---

तांबडीमाती | गुरुवार, रात्री १०:५५

मोजलंत कुठे? रिसीव्हरवर ना? आता तशाच अवस्थेत बीईसीच्या अगदी तोंडाशी मोजा. दोन्ही टोकांचे आकडे हवेत.

---

डोलकाठी | शुक्रवार, सकाळी ६:२०

आणि हे सांगा, मधे जोडतार आहे का? जुनी?

---

कातळवाट | शुक्रवार, रात्री ९:००

सापडलं.

बीईसीच्या तोंडाशी ६.०, हलतसुद्धा नाही. रिसीव्हरवर ४.६. म्हणजे १.४ व्होल्ट वाटेतच खाल्ले जात होते. आणि वाटेत, डोलकाठींनी बरोबर ओळखलं, एक वीत लांबीची जोडतार. रिसीव्हरच्या बंद डबीतून बाहेर यायला तीन वर्षांपूर्वी मी घातलेली. नवीन बीईसीसुद्धा मी त्याच तारेतून डबीत नेला होता.

तार बाहेरून अगदी कोरी दिसत होती. प्लग ओढून काढला तर काळ्या तारेच्या पिनवर हिरवट पूड. ब्लेडने काळ्या तारेचं वेष्टण थोडं सोललं. आत तांब्याचा रंगच नव्हता, कोळशासारखे काळे केस. अजून एक इंच सोललं, तेच. आणखी एक इंच, तरी काळंच. शेवटी मधोमध कापली तेव्हा कुठे तांबूस केस दिसले, तेही निम्मेच. बोटात चुरगळल्यावर काही केस मोडून हातात आले. शेजारची लाल तार मात्र बरीच चांगली होती.

जुना सर्वो कमी करंट ओढायचा म्हणून गेली दोन वर्षं हे दिसलं नाही. नवा सर्वो लावल्यावर बिंग फुटलं, आणि मी सर्वोला दोष देत बसलो होतो.

---

तांबडीमाती | शुक्रवार, रात्री ९:२०

साडेतीन अँपियरला १.४ व्होल्ट म्हणजे ०.४ ओहम. त्याच लांबीच्या चांगल्या तारेत ०.१ व्होल्टही जायला नको. जोडतार काढून टाका, बीईसीची तार अखंड डबीत न्या.

---

डोलकाठी | शनिवार, सकाळी ६:४०

ओल प्लगमधून शिरते आणि वेष्टणाच्या आतून केसांमधून पुढे पुढे सरकत जाते. बोटीवर आम्ही म्हणूनच साधं तांबं वापरत नाही, कल्हई केलेल्या तांब्याची तार वापरतो. सोलली की चांदीसारखी दिसते. बंदरावर बोटीच्या वायरिंगच्या दुकानात मीटरवर मिळते. सगळ्या प्लगमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा, डाग द्याल तिथे आत गोंद असलेली हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी चढवा.

आणखी एक, रत्नागिरीकरांसाठी खास. आपल्या पुळणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं आणि चुंबकाला धरणारे बाकीचे जड कणही असतात. ब्रश्ड मोटरच्या आत चुंबकच असतात. उघड्या खिडक्यांची मोटर घेऊन काळ्या पट्ट्यावर गेलात की ती वाळू आत जाऊन चिकटून बसते, धुवूनसुद्धा निघत नाही. पोराची एक मोटर अशीच गेली. पुळणीवर जायचं तर बंद डब्याची मोटर लावा. नाहीतर पांढऱ्या वाळूतच चालवा.

---

सोनचाफा | शनिवार, दुपारी ४:१५

वाचनमात्र होते, आता लिहितेच. आम्ही दापोलीचे. मुलाकडे १/२४ ची छोटी गाडी आहे, अंगणातल्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर तासन्‌तास चालवतो.

तुम्ही सड्यापर्यंत गाडी चढवणार असं लिहिलंय म्हणून कळकळीने सांगते. सड्यावर कातळशिल्पं आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळीचा तो भला मोठा हत्ती, बारसू, देवाचे गोठणे, ही माहीत झालेली. पण मातीखाली, गवताखाली अजून किती असतील कोण जाणे. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. रेषा उथळ असतात आणि उन्हं डोक्यावर असली की दिसतसुद्धा नाहीत. पितळेचं वजन घातलेली तीन किलोची गाडी, टोकदार रबर आणि जागच्या जागी फिरणारं चाक. नवीन सड्यावर जाताना आधी सकाळच्या तिरप्या उन्हात चालून बघा, मग गाडी खाली ठेवा.

भाद्रपदात तर सड्यावर चाक टेकवूच नये असं मला वाटतं. सीतेची आसवं, गेंद, हे सगळं बोटभर मातीच्या थरावर उगवलेलं असतं. दिसायला रिकामा कातळ वाटतो, पण एका चाकाने वर्षाचं बी जातं.

आणि आमच्याकडे वेळासला, आंजर्ल्याला कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. पिल्लं त्यानंतर बाहेर पडतात. त्या किनाऱ्यांवर त्या महिन्यांत आरसी नकोच, आणि रात्री गाडीचे एलईडी दिवे लावून तर मुळीच नको. पिल्लं उजेडाकडे वळतात.

---

कातळवाट | शनिवार, संध्याकाळी ६:००

सोनचाफा, शब्दन्‌शब्द मान्य. आमच्या सड्यावर नोंदलेलं शिल्प नाही, पण तुम्ही म्हणता तसं उद्याच सकाळी चालून येतो. पावसाळ्यात मी फक्त पाखाडी आणि घरामागची पाणंद एवढंच ठेवतो. तिथे शेवाळ धरतं आणि जांभा साबणासारखा होतो, तो सराव वेगळाच.

---

फणसगरा | शनिवार, रात्री ८:१०

बंद चिरेखाणीत चांगल्या उभ्या कडा मिळतात, पण पावसाळ्यात तिथे पाणी भरतं आणि तळ दिसत नाही. पोरांना एकटं पाठवू नका.

---

कातळवाट | रविवार, तीन आठवड्यांनी

बरेच दिवस लिहिलं नाही, हात गाडीत होते.

वजन आता असं : पितळेचे नकल आणि डिफ कव्हर मिळून ३०० ग्रॅम पुढच्या अ‍ॅक्सलला. बॅटरी मागच्या ट्रेवरून पुढे. एकूण ३.१ किलो, पुढे १.७५. म्हणजे ५६ टक्के. सगळे स्क्रू ३१६ चे, प्रत्येकाला मरीन ग्रीस. बेअरिंग रबरी सीलची. तार कल्हईची, एकसंध. चाक अडकवून आता रिसीव्हरवर ५.९ दिसतात.

टायरचं एक सांगायचं राहिलं. रिमला हवेची भोकं असतात, त्यातून पाणी शिरून फोम पाव किलोचा व्हायचा. रिमची भोकं टेपने बंद केली आणि टायरच्या मधोमध तापलेल्या सुईने दोन बारीक भोकं पाडली. आता चाक फिरलं की पाणी आपोआप बाहेर फेकलं जातं.

बॉडी. सीजे-३बी सगळी सपाट पत्र्यांची, म्हणून थ्रीडी छपाईच्या मागे न लागता ३ मिमीच्या सनबोर्डात कापली. फलक रंगवणाऱ्याच्या दुकानातून तुकडे आणले. बॉनेटचा वरचा गोलवा तेवढा गरम पाण्यात धरून वाकवला. सीट आणि स्टेअरिंग मात्र पीएलए प्लॅस्टिकात छापून घेतले होते. ते दुपारभर बंद मोटारीत राहिले आणि सीट बसल्या जागी वाकल्या. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आपल्या उन्हात बंद मोटार तिथवर जाते. दुसऱ्या वेळी पीईटीजीत छापल्या.

वडिलांना शेवटपर्यंत दाखवली नव्हती. काल संध्याकाळी पडवीत ठेवली. चष्मा लावून त्यांनी ती उचलली, उलटी केली, खाली स्प्रिंगचे पाटे नाहीत म्हणून मान हलवली. मग बॉनेट उघडायला लावलं. मी बॉनेट उघडणारं केलं होतं हे किती बरं झालं. आत बॅटरी आणि तारा बघून काही बोलले नाहीत. बोट फिरवलं ते मागच्या हौद्यात, दोन्ही बाजूंच्या बाकांवर. म्हणाले, "मधे आडवी फळी असायची. आठ माणसं बसली की नववा फळीवर." आज सकाळी फळी कापून बसवली आहे, काजूच्या लाकडाची.

रंग अजून बाकी. त्यांच्या जीपचा हिरवा नेमका कुठला, यावर त्यांचं आणि काकांचं एकमत होत नाहीये.

---

रेवस | रविवार, रात्री ९:५०

फोटो टाका! आणि पाखाडी?

---

कातळवाट | सोमवार, सकाळी ९:१०

११९ च्या चाकांवर गेलो, बॉडी न लावता. ६१ पायऱ्या, एकदाही न मरता. बासष्टावी काजूच्या वळणावर आहे, तिची कड अजून शाबूत आहे, साडेपाच इंच भरते. चार वेळा नाक वर गेलं, चारही वेळा डावं मागचं चाक हवेत. वडील पायरीवर बसून बघत होते. त्यांचं म्हणणं, सरळ जाऊ नको, उजवीकडच्या गडग्याला चाक घासून तिरकी घे, आम्ही पेट्या भरलेली जीप तशीच घ्यायचो.

बॅटरी संपली होती. चार्जिंगला लावली आहे, दुपारी परत जातोय.